आवाजाच्या पेटीतून चित्र का गेलं?

होम थिएटर रिसीव्हरांची जुनी माहितीपत्रकं जमवण्याचा मला नाद आहे. लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार पूर्वी गिऱ्हाईक समजून ती देत, आता ओळखीचा वेडा म्हणून देतात. या गठ्ठ्यातल्या २०१३-१४ च्या पत्रकांवर एक शिक्का वारंवार दिसतो : ‘फोर-के रेडी’. त्या शिक्क्यावर विसंबून २०१४ च्या दिवाळीत मीही एक रिसीव्हर घेतला. २०१६ मध्ये भाचीने परदेशातून अल्ट्रा एचडी ब्लू-रे प्लेअर आणला. रिसीव्हरमधून जोडला, तर पडद्यावर एक सूचना उमटली आणि चित्र साध्या एचडीवर उतरलं. तोच प्लेअर थेट टीव्हीला जोडला, तर चित्र अगदी पूर्ण. म्हणजे अडथळा मधल्या पेटीत होता.

पत्रक मी पुन्हा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. मग फसलं काय, हे शोधताना मला बरंच मागे जावं लागलं.

रिसीव्हर हे नाव रेडिओच्या काळातलं. रेडिओ पकडणारा ट्यूनर आणि आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर एकाच डब्यात, तो रिसीव्हर. चित्राशी त्याचा संबंध नव्हता. डीव्हीडीच्या काळात पाच स्पीकर आणि एक सबवूफर आले, तरी चित्राची तार प्लेअरमधून सरळ टीव्हीला लावता येत असे आणि आवाज ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला देता येत असे. डीव्हीडीवरच्या डॉल्बी डिजिटलला सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट लागत. एवढं त्या बारीक तारेला सहज पेलत होतं.

२००६ मध्ये ब्लू-रे आली आणि हे बिघडलं. तिच्यावरचा डॉल्बी ट्रूएचडी हा मूळ आवाजातलं काहीही न गाळणारा प्रकार सेकंदाला १८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. ऑप्टिकल तारेतून तो जाईना. जाऊ शकत होता तो एचडीएमआयमधून. पण एचडीएमआयमध्ये (पहिली आवृत्ती डिसेंबर २००२) आवाज आणि चित्र एकाच तारेत बांधलेले. चांगला आवाज हवा, तर त्याच्याबरोबर चित्रही रिसीव्हरमधून न्या, असा मामला झाला. माझ्या मते रिसीव्हरच्या इतिहासातलं खरं वळण हे आहे. स्पीकर किती वाढले, याला मी त्या मानाने कमी महत्त्व देतो.

त्या तारेला कुलूपही होतं. इंटेलने तयार केलेल्या एचडीसीपी या पद्धतीत पाठवणारं आणि घेणारं यंत्र आधी एकमेकांची ओळख पटवतात, मगच चित्र सुटतं. मधला रिसीव्हर ते कुलूप उघडतो, आवाज काढून घेतो आणि चित्राला पुन्हा कुलूप लावून पुढे पाठवतो. म्हणून त्याच्याकडेही अधिकृत किल्ली लागते. सप्टेंबर २०१० मध्ये या पद्धतीची मुख्य किल्लीच बाहेर फुटली आणि इंटेलने ते मान्य केलं. पुढे अल्ट्रा एचडी चित्रपटांसाठी जुनं कुलूप चालणार नव्हतं. हवं होतं एचडीसीपी २.२. ते साधारणपणे चिपमध्येच असावं लागतं. सॉफ्टवेअर अपडेट करून जुन्या पेटीत ते आणता येत नाही.

दुसरा प्रश्न तारेच्या रुंदीचा. मी अभियंता नाही, पण हे गणित वहीत करण्याजोगं आहे. अल्ट्रा एचडीची चौकट ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपक्यांची. (फोर-के म्हणायचं आणि आडवे ठिपके चार हजारांहून कमी, ही आणखी एक गंमत.) कडेची रिकामी जागा धरून तारेवर ती ४४०० गुणिले २२५० होते. सेकंदाला ६० चौकटी, तीन रंग, दर रंगाला तारेवर १० बिट. गुणाकार येतो १७.८२ गिगाबिट. २००९ च्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा होती १०.२. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या २.० ने ती १८ केली. पण रंगांची माहिती कमी करून तेच ६० चौकटींचं चित्र ८.९१ गिगाबिटमध्ये बसवता येतं, आणि ३० चौकटी तर रंग न गाळताही तेवढ्यातच बसतात. त्यामुळे जुन्याच रुंदीच्या चिपवरही ‘फोर-के’ लिहिता येत होतं.

२०१४ च्या बाजारात याचा विचित्र परिणाम दिसला. काही रिसीव्हरांत पूर्ण रुंदी होती, नवी किल्ली नव्हती. काहींत किल्ली होती, तीही एखाद्याच पोर्टवर, आणि रुंदी जुनी. शिक्का दोघांवर सारखाच. माझ्या पेटीत रुंदी होती, किल्ली नव्हती. अल्ट्रा एचडी ब्लू-रेचे नियम २०१५ मध्ये पक्के झाले, तोवर माझे पैसे देऊन झाले होते.

यातून उद्योग शहाणा झाला म्हणावं, तर २०२० उजाडलं. नोव्हेंबर २०१७ च्या एचडीएमआय २.१ ने मर्यादा ४८ गिगाबिटवर नेली होती. तिच्या नावाने विकलेल्या डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या काही नव्या रिसीव्हरांतून एक्सबॉक्स सिरीज एक्सचं सेकंदाला १२० चौकटींचं फोर-के चित्र जाईना, पडदा काळा. दोष चिपमध्ये होता. पहिल्या दोन ब्रँडच्या मालक कंपनीने ग्राहकांना जोडायला वेगळी छोटी पेटी मोफत दिली, यामाहाने आतला बोर्ड बदलून देण्याचा मार्ग धरला.

त्याच २.१ मध्ये मात्र ‘ई-आर्क’ नावाची सोय आली. प्लेअर थेट टीव्हीला जोडायचा आणि टीव्हीकडून पूर्ण दर्जाचा आवाज त्याच एचडीएमआय तारेने उलटा रिसीव्हरकडे आणायचा. ब्लू-रेने घातलेली गाठ अकरा वर्षांनी सुटली.

म्हणून दिवाळीच्या तोंडावर कोणी रिसीव्हर सुचवायला सांगितलं, की मी आधी टीव्हीची चौकशी करतो. त्याला ई-आर्क आहे का आणि घरातली सगळी यंत्रं जोडण्याइतके पोर्ट आहेत का? असतील, तर रिसीव्हरच्या चित्रविभागासाठी जादा पैसे मोजू नयेत; ते ॲम्प्लिफायरवर घालावेत. तिथेही पत्रकातला वॅटचा मोठा आकडा पाहून हुरळू नये. तो पुष्कळदा एकच चॅनेल चालवून, एकाच सुरावर, १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेला असतो. दोन चॅनेल एकत्र, २० ते २०,००० हर्ट्झवर दिलेला लहान आकडा शोधावा. टीव्ही जुना असेल, तर मात्र चित्र रिसीव्हरमधूनच न्यावं लागेल. मग दुकानदाराला ‘फोर-के चालतं का?’ असं विचारून उपयोग नाही. प्रत्येक पोर्टला किती गिगाबिट आणि कोणतं एचडीसीपी, हे मॅन्युअल उघडून त्याच्यासमोर वाचावं. बाहेरच्या खोक्यावर ते सापडेलच असं नाही.

भाचीच्या त्या प्लेअरच्या पाठीमागे दोन एचडीएमआय पोर्ट आहेत, हे माझ्या आठवड्याभराने ध्यानात आलं. दुसऱ्याखाली ‘ऑडिओ’ असं लिहिलं होतं. माझ्यासारख्यांची अडचण होणार, हे प्लेअर बनवणाऱ्यांना आधीच माहीत होतं तर! पहिली तार टीव्हीला गेली, दुसरी रिसीव्हरला. २०१४ ची ती पेटी आजही उत्तम वाजते. तिच्यातून चित्र तेवढं जात नाही.