झाकलेला सौदा आणि उघडा भाव : बिटकॉइनच्या ठोक व्यवहारांचा इतिहास

बिटकॉइनचा भाव उघड्या बाजारातील मागणी व पुरवठा यांच्या मेळातून ठरतो, असे सामान्यतः मानले जाते. परंतु ज्या सौद्यांत हजारो नाण्यांची उलाढाल होते, त्यांपैकी पुष्कळसे ह्या बाजारात येतच नाहीत. विकणारा व घेणारा, बहुधा एखाद्या मध्यस्थ पेढीच्या द्वारे, भाव परस्पर ठरवितात. अशा झाकलेल्या सौद्याचा उघड्या भावावर परिणाम होतो काय, आणि होत असल्यास तो कोणत्या वाटेने होतो, हे ह्या चलनाच्या अल्प इतिहासातील काही घटनांवरून पाहता येते.

१

जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन अस्तित्वात आले, तेव्हा त्याला उघडा बाजार नव्हता. ऑक्टोबर २००९ मध्ये ५,०५० नाणी ५ डॉलर २ सेंटांस विकली गेली. २२ मे २०१० रोजी फ्लॉरिडातील एका प्रोग्रामरने १०,००० नाणी देऊन दोन पिझ्झा मिळविले. हे दोन्ही व्यवहार व्यक्तीव्यक्तींमधील होते, आणि त्या काळी भाव म्हणून जे काही दाखविता येत असे ते मुख्यतः अशाच सौद्यांवरून. २०१० मध्ये एक्स्चेंजे निघाली. त्यांपैकी जुलैत सुरू झालेले माउंट गॉक्स पुढे काही वर्षे सर्वांत मोठे ठरले. येथून हा संबंध उलटला. पूर्वी खाजगी सौद्याने भाव दाखविला होता. आता उघड्या भावाकडे पाहून खाजगी सौदे होऊ लागले.

हा उघडा बाजार किती उथळ होता, हे १९ जून २०११ रोजी दिसून आले. माउंट गॉक्सवरील एका खात्यात परक्याने शिरकाव करून प्रचंड विक्री मांडली, आणि १७ डॉलरांच्या आसपास असलेला भाव काही मिनिटांत एका सेंटावर आला. ते व्यवहार मागाहून रद्द करण्यात आले. कोणत्याही क्षणी बाजारात खरेदीदारांच्या नोंदी मर्यादितच असतात. मोठी विक्री वरच्या भावाच्या नोंदी संपवून खालच्या, आणि त्याही संपवून अधिक खालच्या नोंदींपर्यंत उतरते. ठोक माल एकदम उघड्या बाजारात ओतणाऱ्याचे स्वतःचेच नुकसान होते. मोठ्या विक्रेत्यांना झाकलेल्या सौद्याकडे वळविणारे हे पहिले कारण होय.

२

दुसरे प्रकरण अमेरिकेच्या शासनाचे. ऑक्टोबर २०१३ मध्ये सिल्क रोड ही बेकायदा पेठ बंद पाडून शासनाने तिची नाणी जप्त केली. त्यांपैकी सुमारे २९,६५६ नाण्यांचा लिलाव मार्शल खात्याने जून २०१४ मध्ये मोहोरबंद बोलींनी केला. सर्व गट टिम ड्रेपर यांनी घेतले. परंतु दिलेली किंमत खात्याने जाहीर केली नाही. ह्या प्रकरणातील लक्षणीय भाग लिलावापूर्वीचा आहे. लिलाव होणार असल्याचे जाहीर होताच उघडा भाव उतरला. त्या वेळी ह्या साठ्यातील एकही नाणे एक्स्चेंजवर आलेले नव्हते. म्हणजे भाव हलविण्यास माल यावा लागत नाही, मालाची वार्ता पुरते.

३

वार्ता नसेल तर काय होते, ह्याचे उत्तर माउंट गॉक्सच्याच उत्तरार्धात सापडते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ह्या एक्स्चेंजचे दिवाळे निघाले. न्यायालयाने नेमलेले विश्वस्त नोबुआकी कोबायाशी यांनी सप्टेंबर २०१७ ते मार्च २०१८ या काळात सुमारे ३५,८४१ बिटकॉइन व ३४,००८ बिटकॉइन कॅश विकून सुमारे ४३ अब्ज येन उभे केले. ही विक्री मार्च २०१८ मध्ये उघड झाली. दरम्यान डिसेंबर २०१७ मध्ये २०,००० डॉलरांच्या जवळ गेलेला भाव ६ फेब्रुवारी २०१८ च्या सुमारास ६,००० डॉलरांपर्यंत खाली आला होता.

बिटकॉइनची खातेवही सर्वांस खुली असल्यामुळे अभ्यासकांनी विश्वस्तांच्या खात्यांतून नाणी केव्हा हलली ते शोधून काढले, भावाच्या पडझडीशी त्या तारखा ताडून पाहिल्या, आणि पडझडीचा दोष विक्रीवर ठेवला. ह्या नाण्यांवर ज्यांचा हक्क होता त्या धनकोंमध्येही रोष पसरला. विश्वस्तांनी उत्तर दिले की, तज्ज्ञांच्या सल्ल्याने, नेहमीच्या एक्स्चेंजवरील विक्रीचा मार्ग टाळून, भावावर परिणाम होऊ नये अशा रीतीने विक्री केली. आणि नाणी खात्यातून हलली तीच विक्रीची वेळ असे समजणे चुकीचे आहे. हे उत्तर तर्काला धरून होते. पण त्याने वाद मिटला नाही. खातेवहीत हालचाल दिसते. त्या हालचालीचा अर्थ, म्हणजे विक्री, तारण की केवळ जागाबदल, तीत लिहिलेला नसतो.

४

मध्यस्थाची भूमिकाही ध्यानात घेतली पाहिजे. ठोक माल घेणारी पेढी तो सहसा स्वतःजवळ ठेवीत नाही. ती नवा गिऱ्हाईक शोधते, वायदेबाजारात उलट सौदा करून जोखीम झाकते, किंवा माल थोडथोडा उघड्या बाजारात सोडते. पहिल्या मार्गात भावावरील भार अल्प राहतो. उरलेल्या दोन मार्गांनी तो उघड्या बाजारात पोहोचतोच. मात्र पातळ होऊन व उशिरा.

२०२४ व २०२५ मधील दोन प्रकरणे ह्या दृष्टीने तुलनीय आहेत. जर्मनीतील सॅक्सनी राज्याने जप्त केलेली सुमारे ४९,८५८ नाणी १९ जून ते १२ जुलै २०२४ ह्या काळात विकली व सुमारे २.६४ अब्ज युरो मिळविले. नाण्यांची प्रत्येक हालचाल जगभर पाहिली जात होती. ५ जुलै रोजी भाव ५४,००० डॉलरांच्या खाली गेला. परंतु त्याच दिवशी माउंट गॉक्सच्या धनकोंना नाणी परत मिळण्यास आरंभ झाल्यामुळे दोष एकट्या सॅक्सनीचा म्हणता येत नाही. विक्री संपल्यावर महिनाअखेरीस भाव ७०,००० डॉलरांजवळ आला होता. जुलै २०२५ मध्ये गॅलक्सी डिजिटल या पेढीने एका जुन्या धारकाची ८०,००० हून अधिक नाणी विकल्याचे जाहीर केले. साठा सॅक्सनीहून मोठा होता. तरी भाव १,१५,००० डॉलरांच्या आसपास उतरून लवकरच सावरला. मधल्या काळात बाजार खोल झाला होता, हे ह्याचे एक कारण मानता येईल. विक्री पुरी झाल्याचे एकदाच सांगितले गेल्याने पुढे आणखी किती येणार ही शंका उरली नाही, हे दुसरे. आल्बर्ट काइल यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाशी हे जुळते. परिमाणामागे कोणास काही अधिक ठाऊक असावे, ह्या संशयाने भाव हलतो, असे ते प्रतिमान सांगते.

५

महाराष्ट्रातील वाचकास ह्या व्यवस्थेत परिचित काही आढळेल. जुन्या धान्यबाजारात हत्ता पद्धतीने सौदे होत. रास सर्वांसमोर पडलेली असे; दलाल व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत; आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहूनही त्या खुणांबाहेर राही. नियंत्रित बाजारपेठांत उघड्या लिलावाचा आग्रह धरला गेला तो ह्यामुळेच. बिटकॉइनच्या खातेवहीतही रास दिसते व भाव झाकलेला असतो. भेद एवढाच की, येथे रुमालाबाहेर उभा असतो तो उघड्या भावाला संपूर्ण बाजाराचा भाव समजून व्यवहार करणारा लहान गिऱ्हाईक. आणि माउंट गॉक्सच्या बाबतीत तर मालाचे हक्कदारच.

ठोक सौदे झाकून केल्याने विक्रेत्याचे नुकसान टळते, हे मान्य केले पाहिजे. परंतु भावावरील त्यांचा परिणाम त्यामुळे नाहीसा होत नाही. तो काही अंशी मध्यस्थाच्या हातून हळूहळू, व काही अंशी तर्ककुतर्काच्या रूपाने बाजारात येतो. म्हणून दुसऱ्याच्या मालाची विक्री करणाऱ्या विश्वस्ताने वा शासनाने सौदा चालू असता मौन पाळणे क्षम्य ठरले, तरी तो संपताच परिमाण, काळ व सरासरी भाव जाहीर करणे हे त्याचे कर्तव्य होय.