पाठभेदांचा कागद

काम कसें करावें हें सांगणाऱ्यांची उणीव कोणत्याच काळांत नव्हती. उपदेश ऐकतां ऐकतां काम केल्याचेंच समाधान मनाला वाटूं लागतें, आणि मूळ काम मात्र जागच्या जागीं राहतें. हा मोह सामान्य माणसालाच पडतो असें नाहीं. मोठमोठ्या विद्वत्सभाही त्यांत सांपडतात. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

महाभारताच्या हस्तलिखित प्रती काश्मीरपासून केरळपर्यंत पसरलेल्या आहेत आणि प्रांतोप्रांतीं त्यांचा पाठ वेगळा आहे. कोठें एखादा श्लोक अधिक, तर कोठें अख्खें आख्यानच नाहीं. तेव्हां सर्व प्रती ताडून जुन्यांत जुना पाठ निश्चित करावा, अशी सूचना १८९७ सालीं पॅरिस येथें भरलेल्या प्राच्यविद्यापरिषदेंत मॉरिट्झ विंटरनिट्झ यांनीं मांडली. सूचना उत्तम होती. तिच्यावर भाषणें झालीं, ठराव झाले, युरोपांतील विद्वत्परिषदांनीं तें कार्य आपलें मानलें. १९०८ सालीं हाइन्रिख ल्यूडर्स यांनीं आदिपर्वाच्या आरंभींच्या ६७ श्लोकांचा एक नमुना छापून दाखविला. पुढें १९१४ चें महायुद्ध पेटलें आणि ती योजना तेथेंच थांबली. इतक्या वर्षांच्या विचारविनिमयांतून खऱ्या अर्थानें उपयोगी पडला तो हा लहानसा नमुनाच. कारण त्यांत पद्धतीची नुसती चर्चा नव्हती, हातानें केलेलें काम होतें.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ सालीं झाली. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं द्रव्यसाहाय्य देऊं केलें, आणि १ एप्रिल १९१९ रोजीं वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्तें कामाचा मुहूर्त झाला. नारायण बापूजी उटगीकर यांनीं १९२३ सालीं विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ति विद्वानांच्या अभिप्रायार्थ प्रसिद्ध केली. १९२५ सालीं विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे मुख्य संपादकत्व आलें. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला ल्यूडर्सच्याच हाताखालीं तयार झालेला हा पंडित होता.

तेथील कामाचें मुख्य साधन म्हणजे एक चौकटी आंखलेला कागद. वरच्या ओळींत प्रचलित पाठाचा श्लोक, एका चौकटींत एक अक्षर, असा लिहावयाचा. खालीं एकेका प्रतीसाठीं एकेक ओळ; जेथें अक्षर भिन्न असेल तेवढेंच त्या चौकटींत भरावयाचें. काम पुण्यांत चाले, तसेंच शांतिनिकेतन व तंजावर येथेंही चाले. आदिपर्वाच्या एकंदर २३५ प्रती ज्ञात होत्या. त्यांपैकीं सुमारें ६० पाठनिर्णयाच्या कामीं आल्या. प्रत्येक श्लोकासाठीं निदान दहा प्रती ताडल्या जात, आणि पहिल्या दोन अध्यायांसाठीं तर पन्नासांहून कमी नाहींत. शारदा, बंगाली, ग्रंथ, तेलुगु, मल्याळम् अशा अनेक लिपी वाचणारे पंडित वर्षानुवर्षें या चौकटी भरीत बसले. या कामांत चातुर्य दाखविण्यास जागा नव्हती आणि टाळाटाळ करण्यासही नव्हती.

याच चौकटींतून एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. ग्रीक व लॅटिन ग्रंथांच्या प्रतींची वंशावळ लावून मूळ पाठ शोधण्याची रीत युरोपांत रूढ होती. महाभारताला ती जशीच्या तशी लागू पडेना. कारण लेखकांनीं एका प्रतीला दुसरीचा आधार घेऊन सगळ्या शाखा एकमेकींत मिसळून टाकल्या होत्या. तेव्हां ज्या शाखांचा परस्परांशीं संबंध संभवत नाहीं, उदाहरणार्थ काश्मीरची आणि केरळची, त्या जेथें एकमतानें बोलतात तेथें पाठ जुना, असा निर्णय सुखठणकरांनीं घेतला. त्यांची पद्धतिविषयक प्रसिद्ध प्रस्तावना १९३३ सालीं, आदिपर्व पुरें होतांना बाहेर पडली. आदिपर्वाचा पहिला भाग मात्र १९२७ सालींच छापला गेला होता. पद्धतीचें शास्त्र कामाच्या पोटीं जन्मलें, कामाआधीं नव्हे.

सर्व शंका फिटेपर्यंत ते थांबले नाहींत. जेथें निर्णय संशयित, तेथें मजकुराखालीं नागमोडी रेघ छापली. जें प्रक्षिप्त ठरलें, तें परिशिष्टांत दिलें. गणपतीनें व्यासांचा लेखक होण्याची लोकप्रिय कथाही अशीच परिशिष्टांत गेली. पुढें नेपाळांतून आदिपर्वाची एक फार जुनी प्रत हातीं आली, आणि तिनें सुखठणकरांच्या अनेक निर्णयांस पुष्टि दिली. रेघ ओढण्याचा प्रामाणिकपणा नसता तर हें पर्व कदाचित् छापखान्यांत गेलेंच नसतें.

२१ जानेवारी १९४३ रोजीं सुखठणकर निवर्तले. त्यांच्या हातचें आरण्यकपर्व नुकतेंच प्रसिद्ध झालें होतें. बहुतेक पर्वें अजून बाकी होतीं. एका पुरुषाच्या बुद्धीवरच सारें उभें असतें तर तें तेथेंच कोसळलें असतें. परंतु कागद तयार होते, नेम ठरलेले होते, हात शिकलेले होते. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनीं धुरा उचलली. पुढें परशुराम लक्ष्मण वैद्य व रामचंद्र नारायण दांडेकर यांनींही ती वाहिली. १९६६ सालीं अठराही पर्वें पुरीं झालीं.

१८९७ च्या सूचनेपासून या सिद्धीपर्यंत ६९ वर्षें लोटलीं. त्यांतील ठरावांची आठवण आज थोड्यांनाच असेल. महाभारताचा अभ्यासक मात्र कोणत्याही देशांतला असो, त्याला पुण्याची आवृत्ति उघडावी लागते. ती ज्यांनीं घडविली त्यांतील पुष्कळांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. त्यांनीं उत्तम पद्धतीची वाट पाहिली नाहीं. समोरच्या चौकटींत पुढचें अक्षर भरलें.