कार्बन तंतूंचे सायकलभाग : कापणी व जोडणी

डोंगरी सायकलीचे हँडलबार, सीटपोस्ट व फोर्कची नळी यांसाठी वापरला जाणारा संमिश्र पदार्थ कार्बन तंतूंवर इपॉक्सी राळ चढवून घडवतात. ॲल्युमिनियमपेक्षा तो हलका असतो. पण एकाच जागी दाब आल्यास आतून तडकतो व तडा बाहेरून दिसेलच असे नाही.

कापणी : खुणेभोवती चिकटपट्टी गुंडाळून, मार्गदर्शक साच्यात धरून बारीक दातांच्या (इंचाला ३२) करवतीने सावकाश कापतात. आरपार कापत गेल्यास शेवटचे थर उचकटतात, म्हणून मध्येच नळी फिरवून उरलेला काप दुसऱ्या बाजूने घेतात. कड ओल्या पॉलिशपेपरने घासतात. भुकटी फुप्फुसांना घातक असल्याने मास्क व हातमोजे आवश्यक.

जोडणी : ग्रीसऐवजी कणीदार कार्बन पेस्ट लावून, बोल्ट टॉर्क पान्याने भागावर छापलेल्या मर्यादेपर्यंतच आवळतात, ती बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असते. फोर्कच्या कार्बन नळीत ठोकून बसवायचा स्टार नट चालत नाही, प्रसरणारा प्लग लागतो. पावसाळ्यात ॲल्युमिनियम सांगाडा आतून गंजून त्यात कार्बन सीटपोस्ट जखडू शकतो. तो अधूनमधून काढून पुसावा.

 

आपटलेला किंवा चिरलेला कार्बन भाग तपासणीशिवाय पुन्हा वापरू नये.