अंबाबाई दरवर्षी टेंबलाईला का जाते? जुन्या कथांमधली सत्ता, शक्ती आणि प्रेमाची ताकद

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्यांना नवरात्रातली पंचमी वेगळी सांगावी लागत नाही. अश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी देवळाबाहेर पडते आणि शहर ओलांडून राजारामपुरीला लागून असलेल्या टाकाळ्याच्या बाजूने टेंबलाईच्या टेकडीकडे जाते. वाटेवर रांगोळ्या असतात, आरत्या होतात. टेकडीवर दोन देवींची भेट होते आणि मग कोहळा फोडला जातो. त्या कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून दरवर्षी झुंबड उडते.

हा सोहळा बहुतेकांनी पाहिलेला असतो, निदान मोबाईलवर तरी. पण एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अंबाबाई ही करवीरची मुख्य देवता आणि टेंबलाई म्हणजे त्र्यंबोली ही टेकडीवरची देवी. मग थोरलीने धाकटीकडे का जायचं? धाकटीने खाली का यायचं नाही?

या प्रश्नाच्या उत्तरात जुन्या कथा ताकदीकडे कशा पाहतात, हे दडलं आहे.

टेंबलाईची गोष्ट काय आहे?

करवीर परिसरात ही कथा थोड्याफार फरकाने सांगितली जाते. प्रचलित गोष्ट अशी आहे.

देवीने कोल्हासुराचा वध केला. मरताना त्याने वर मागितला, की या जागेला माझं नाव राहावं आणि दरवर्षी माझ्या नावाने कोहळा फोडला जावा. देवीने तो दिला. कोल्हापूर हे नाव कोल्हासुरावरून पडलं, असं ही कथा सांगते.

पुढे कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष सूड घ्यायला आला. त्याच्या हाती एक योगदंड होता. त्या दंडाच्या जोरावर त्याने देवांना आणि खुद्द महालक्ष्मीलाही शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोली त्या वेळी तिथे नव्हती. तिला हे कळलं तेव्हा ती म्हातारीचं रूप घेऊन कामाक्षाकडे गेली, युक्तीने तो दंड काढून घेतला, कामाक्षाला मारलं आणि सगळ्यांना मूळ रूपात आणलं.

मग विजयाचा उत्सव झाला. सगळे जमले, पण ज्या त्र्यंबोलीमुळे हा दिवस दिसला, तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली.

चूक लक्षात आल्यावर महालक्ष्मीने निरोप पाठवला नाही, हुकूम सोडला नाही. ती स्वतः लवाजम्यासह टेकडीवर गेली, त्र्यंबोलीची समजूत काढली आणि कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून कोहळा तिच्यासमोर फोडण्याचा मान दिला. पंचमीची पालखी ही त्याच भेटीची आठवण मानली जाते.

या एका गोष्टीत किती ताकदी आहेत?

मराठीत 'ताकद' या अर्थाचे बरेच शब्द आहेत: बळ, सत्ता, शक्ती, सामर्थ्य, अधिकार. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. कथा मात्र त्यांच्यात फरक करते.

कामाक्षाकडे बळ आहे, पण ते त्याच्या अंगात नाही, हातातल्या दंडात आहे. म्हणून दंड गेला की तो संपतो. शिवाय त्या बळाचा परिणामही पाहण्यासारखा आहे. ते समोरच्याला मारत नाही, त्याला मेंढरू करतं. म्हणजे त्याचा आवाज आणि त्याची इच्छा काढून घेतं.

त्र्यंबोलीकडे शक्ती आहे. ती म्हातारीच्या रूपातही टिकते, कारण ती कुठल्या वस्तूवर अवलंबून नाही.

महालक्ष्मीकडे सत्ता आहे. गाव तिचं आहे, उत्सवही तिचा आहे. पण रुसलेल्या माणसापुढे सत्ता चालत नाही. 'खाली ये' असा हुकूम दिला तर त्र्यंबोली कदाचित येईलही, पण तिचा रुसवा जाणार नाही. रुसवा जायचा तर सत्तेलाच पायऱ्या चढाव्या लागतात.

प्रेमाची ताकद इथे दिसते. जिच्याकडे सगळं आहे, तिला ती उठून चालायला लावते.

रुसवा एवढा महत्त्वाचा का?

आपल्याकडच्या कथांमध्ये हा धागा पुन्हा पुन्हा येतो.

पंढरपूरची कथा घ्या. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव मागोमाग आला. तिथे त्याला आई-वडिलांच्या सेवेत गुंतलेला पुंडलिक भेटला. पुंडलिकाने हातातली सेवा सोडली नाही. देवाकडे वीट सरकवली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला. पंढरपुरात आजही रुक्मिणीचं मंदिर वेगळं आहे.

कोल्हापूर आणि तिरुपती यांना जोडणारी कथाही तशीच आहे. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि विष्णूने रागावण्याऐवजी त्यांचाच पाय चेपला. आपल्या निवासस्थानाचा अपमान झाला आणि पतीने काहीच केलं नाही, म्हणून लक्ष्मी वैकुंठ सोडून करवीरला आली. तिच्या विरहात विष्णू वेंकटाद्रीवर आला. तिरुपती देवस्थानाकडून नवरात्रात अंबाबाईला शालू येतो, त्याचा संबंध लोक या कथेशी जोडतात. अंबाबाई ही विष्णुपत्नी लक्ष्मी की स्वतंत्र आदिशक्ती, याबद्दल भाविकांत आणि अभ्यासकांत मतभेद आहेत. पण लोकांनी ही गोष्ट जपली आहे, हे खरं.

विठ्ठल आणि वेंकटेश यांच्यातली साम्यं रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात तपशिलाने तपासली आहेत. या ग्रंथाला 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

तिन्ही कथांमध्ये एक गोष्ट समान आहे. रुसणारी व्यक्ती लढत नाही, शापही देत नाही. ती फक्त निघून जाते किंवा पाठ फिरवते. आणि जो बलवान आहे त्याला शोधत यावं लागतं, थांबावं लागतं किंवा समजूत काढावी लागते.

रुसवा आणि राग यात फरक आहे तो इथेच. राग कोणावरही येतो. रुसायला मात्र आपलं माणूस लागतं. परक्यावर कोणी रुसत नाही. त्र्यंबोली टेकडीवर बसली याचाच अर्थ नातं तुटलेलं नव्हतं. ती पंचक्रोशी सोडून गेली नाही, गावाकडे पाठ करून का होईना, गावाजवळच बसली.

मग प्रेम असलं की सगळं मिळतं का?

इथे जुन्या कथा आजच्या रील आणि स्टेटसपेक्षा जास्त सावध आहेत. 'खरं प्रेम असेल तर समोरचा हो म्हणणारच' असं त्या सांगत नाहीत. महाभारताच्या आदिपर्वातली कच-देवयानीची कथा नेमकं उलट सांगते.

देवांनी बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शुक्राचार्यांकडे पाठवलं. मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या शिकून येणं हे त्याचं काम होतं. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी त्याच्या प्रेमात पडली. असुरांनी कचाला वेगवेगळ्या प्रकारे मारलं. शेवटी तर त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजली. प्रत्येक वेळी देवयानीने वडिलांकडे हट्ट धरला आणि कच परत आला. शेवटच्या वेळी तर शुक्राचार्यांना पोटातल्या कचाला विद्या शिकवून स्वतःचं पोट फाडून घ्यावं लागलं. कचाने मग त्यांना जिवंत केलं.

म्हणजे देवयानीच्या प्रेमाने मरणालाही मागे हटवलं. याहून मोठी ताकद कोणती?

पण शिक्षण संपल्यावर तिने लग्नाचं विचारलं तेव्हा कच नाही म्हणाला. गुरूची मुलगी मला बहिणीसारखी आहे, असं त्याचं उत्तर होतं. देवयानीने शाप दिला, की तुझी विद्या तुला फळणार नाही. कच म्हणाला, मी ज्याला शिकवीन त्याला तरी फळेल. आणि तो निघून गेला.

कथा देवयानीचं प्रेम खोटं ठरवत नाही. जीव वाचवण्याइतकं ते मोठं आहे, हे ती मान्य करते. पण जीव वाचवला म्हणून तो जीव आपल्या मालकीचा होत नाही, हेही ती सांगते. देवयानी शाप देते तेव्हा तिचं प्रेम कामाक्षाच्या दंडासारखं होऊ लागतं. समोरच्याची इच्छा पुसून टाकायचा तो प्रयत्न असतो.

प्रेमाच्या नावाने मागणारा राजा

हीच देवयानी पुढे ययाती राजाची राणी होते. ययातीचे शर्मिष्ठेशी संबंध असल्याचं कळल्यावर शुक्राचार्य त्याला अकाली म्हातारपणाचा शाप देतात. कोणी आपलं तारुण्य दिलं तर ते घेता येईल, एवढी सवलत मिळते. ययाती स्वतःच्या मुलांकडे तारुण्य मागतो. चार मुलगे नकार देतात, पुरू होकार देतो. मूळ कथेत ययाती हजार वर्षं भोग घेतो आणि शेवटी त्याला कळतं, की उपभोगाने वासना संपत नाही, वाढत जाते. मग तो पुरूला तारुण्य परत करतो.

या कथेवरची मराठीतली सर्वात गाजलेली कादंबरी लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांची कर्मभूमी कोल्हापूर होती. शिरोड्याच्या शाळेत शिकवून ते 1938 मध्ये कोल्हापुरात आले. 'ययाति' 1959 मध्ये प्रसिद्ध झाली, तिला 1960 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे 1974 साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले मराठी लेखक.

खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आळीपाळीने बोलू दिलं. त्यामुळे एकच घर तीन बाजूंनी दिसतं. ययातीला वाटतं आपण प्रेमाला भुकेलेले आहोत. देवयानीला आपला मान आणि अधिकार महत्त्वाचा वाटतो. शर्मिष्ठा हातात काहीच नसताना देत राहते. राजवाड्यात सगळ्यात कमी सत्ता जिच्याकडे आहे, तिच्याकडेच सगळ्यात जास्त प्रेम आहे.

पुरूचा त्याग मोठा खराच. पण कथेचा दुसरा अर्धा भाग विसरू नये. बापाने मुलाकडे तारुण्य मागणं हे कथेत कौतुकाचं नाही. मुलाचं देणं हे प्रेम आहे. बापाचं मागणं ही प्रेमाच्या नावाखाली वापरलेली सत्ता आहे.

सावित्रीने यमाला हरवलं का?

वटपौर्णिमेला आठवली जाणारी सावित्री या यादीत हवीच. तिची कथा महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सांगतात. त्यात सावित्री यमाशी भांडत नाही, त्याच्या पायावर लोळणही घेत नाही. ती त्याच्याबरोबर चालत राहते आणि बोलत राहते. यम खूश होऊन वर देतो, पण 'सत्यवानाचा जीव सोडून काहीही माग' अशी अट घालतो. ती सासऱ्यांची दृष्टी आणि राज्य मागते, वडिलांना शंभर मुलगे मागते, मग स्वतःला सत्यवानापासून शंभर मुलगे मागते. तो वर दिला की सत्यवानाला परत करणं भाग पडतं.

इथे प्रेमाची ताकद म्हणजे सोबत न सोडणं आणि डोकं शांत ठेवणं. यमाचा अधिकार ती मोडत नाही. त्याच्याच शब्दातून वाट काढते.

एका शब्दात सगळं: माया

मराठीत 'माया' या शब्दाचे तीन अर्थ आहेत. आईची माया म्हणजे प्रेम. देवाची माया म्हणजे डोळ्यांवर पडदा टाकणारी भूल. आणि 'त्याने बरीच माया जमवली' म्हणजे पैसा. प्रेम, भूल आणि संपत्ती या तीन ताकदी भाषेने एकाच शब्दात ठेवल्या. एकीचं दुसरीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही, हे सांगणारांना ठाऊक असावं. देवयानीचं प्रेम हक्क होतं, ययातीचं प्रेम भूल होतं.

मग खरी माया ओळखायची कशी? या सगळ्या कथा एकत्र ठेवल्या तर एक कसोटी हाती लागते. समोरच्याची इच्छा शाबूत राहिली का, हे पाहायचं. कामाक्षाने ती काढून घेतली. देवयानीने कचाचा नकार सोसला नाही. ययातीने मुलाचं वय घेतलं. अंबाबाईने मात्र त्र्यंबोलीला रुसायचा हक्क दिला आणि समजूत काढायला स्वतः गेली.

आषाढात कोल्हापूरच्या गल्लीगल्लीतून नदीचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईला नेलं जातं आणि अश्विनात पालखी जाते. उत्सवाला जिचं नाव विसरलं गेलं, तिच्याकडे आता अख्खं गाव वर्षातून दोनदा चालत जातं. टेंबलाई काही खाली आली नाही. तिला यावंही लागलं नाही.