'डी ड्राइव्हला कॉपी आहे' म्हणजे बॅकअप झाला का?

पुण्याच्या मार्केट यार्डात अनेक गाळ्यांवर हिशोबपट्टी आता कॉम्प्युटरवर निघते. कुणाचा माल किती आला, हमाली-तोलाई किती, कोणाकडे उधारी किती, सगळं एका हार्ड डिस्कवर. ती बंद पडली तर?

डी ड्राइव्ह वेगळा नसतो

बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. विंडोज बिघडली तर सी फॉरमॅट करून डीमधला डेटा वाचवता येतो, हा याचा फायदा. पण डिस्कच गेली, तर दोन्ही एकदम जातात.

डेटा कसा लावायचा?

• सीवर फक्त विंडोज आणि सॉफ्टवेअर ठेवा.
• कामाच्या फाइल्स डीवर एकाच मुख्य फोल्डरमध्ये ठेवा. आत आर्थिक वर्षानुसार फोल्डर करा. जुनी वर्षं सहसा बदलत नाहीत, त्यामुळे रोज चालू वर्षाचीच कॉपी पुरते.
• टॅली कुठे साठतं ते तपासा. टॅलीप्राइम इन्स्टॉल करताना जागा बदलली नसेल, तर डेटा सहसा सी ड्राइव्हवरच, 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो. म्हणजे रोज डीची कॉपी घेऊनही नेमका हिशोबच राहून जातो!

३-२-१ नियम

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला हा नियम सोपा आहे: डेटाच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. गाळ्यावरचा कॉम्प्युटर, एक एक्स्टर्नल डिस्क आणि क्लाउड, एवढं पुरे.

दुसरी जागा कशाला? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि मार्केट यार्डापासून जवळच्या सहकारनगर-अरण्येश्वर भागात घरादुकानांत पाणी शिरलं. अशा वेळी कॉम्प्युटरशेजारी ठेवलेली बॅकअप डिस्कही भिजते.

कॉपी झाली की एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइल्सही लॉक करतं.

डेटा गेलाच तर?

• चुकून फाइल डिलीट झाली, तर त्या ड्राइव्हवर नवं काही साठवू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरही दुसऱ्या डिस्कवर टाका, नाहीतर जुन्या फाइलची जागा तेच व्यापतं.
• एसएसडीवर वेळ कमी मिळतो. डिलीट केलेल्या जागा ती स्वतःच साफ करते.
• डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर लगेच बंद करा आणि डिस्क जाणकाराकडे द्या.
• बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा.

किती वर्षं जपायचं?

जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशोब त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावा लागतो. म्हणून महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी जुनी पट्टी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ती उघडली, तरच बॅकअप आहे.