डिस्लेक्सिया : डोळ्यांपासून ध्वनीपर्यंतचा शोध

मूल हुशार आहे, बोलण्यात कुठेच कमी नाही, पण धडा वाचायला दिला की अडखळते. अशा वेळी बरेच पालक आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतात. नंबर नसला की ‘आळशी आहे’ असा शिक्का बसतो आणि मार सुरू होतो. वैद्यकशास्त्रानेही हा शोध डोळ्यांपासूनच सुरू केला होता.

डोळ्यांचे डॉक्टर आणि ‘शब्दांधत्व’

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द 1887 मध्ये जर्मनीतील नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी वापरात आणला. तो मेंदूच्या आजारामुळे वाचनशक्ती गेलेल्या मोठ्या माणसांसाठी होता. 1896 मध्ये इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तो 749 गुणिले 867 हे गणित झटपट सोडवी, पण साधे शब्द वाचू शकत नसे. स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करी. शिकवणे फक्त तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. या त्रासाला तेव्हा ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटले गेले. पुढे ग्लासगोचे नेत्रशल्यतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवूड यांनी अशा अनेक मुलांचा अभ्यास केला.

दोष नजरेत नाही

1970 च्या दशकात अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की वाचनाचा पाया शब्दातले ध्वनी सुटे करता येण्यात आहे. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांना हेच जड जाते. अक्षर दिसते, पण त्याचा ध्वनीशी सांधा लवकर जुळत नाही. स्पीच थेरपीचा संबंध येतो तो इथे.

मराठीत तर आणखी गुंतागुंत आहे. ‘कि’ मधली वेलांटी आधी लिहितो, उच्चार मात्र नंतर. ‘सूर्य’ मधला रफार ‘य’च्या डोक्यावर, पण उच्चार त्याच्या आधी. घ-ध, भ-म ही अक्षरे दिसायला जवळची. जोडाक्षरे आली की मूल थबकते.

थेरपिस्ट शब्द तोडणे-जोडणे, यमक जुळवणे, पहिला ध्वनी बदलून नवा शब्द करणे असे खेळ घेतात. शब्दसंग्रह आणि वाक्यरचनेवरही काम करतात. जोडीला विशेष शिक्षकाची मदत लागते. यावर गोळी किंवा टॉनिक नाही. सुधारणा हळूहळू, पण होते.

महाराष्ट्रात काय घडले?

1996 मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. डिसेंबर 2007 मध्ये ‘तारे जमीं पर’ आला आणि हा शब्द घराघरांत पोचला. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती. 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत तिचा समावेश झाला.

सोलापूरकर पालकांसाठी

आपल्याकडे अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी असते. नव्या भाषेची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे. म्हणून घरी कोणती भाषा बोलता, हे तपासणीच्या वेळी जरूर सांगा. डोळे आणि कान तपासून घ्याच. ते ठीक असतील, शिकवणी लावूनही वाचन मागेच असेल, तर स्पीच थेरपिस्ट आणि बालमानसतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. निदान साधारण आठव्या वर्षी पक्के होते, पण मदतीसाठी तोवर थांबू नका.

पर्सीच्या काळी डॉक्टरांकडे नाव होते, उपाय फारसा नव्हता. आज उपाय आहे. आळशी म्हणून मारण्यात वर्षे घालवू नका.