पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत परदेशी मजुरांसाठी एक शब्द रूढ झाला : 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणा कामगार. मराठी कानाला हा शब्द विचित्रच वाटेल. आपल्याकडे पाहुण्याला कामाला जुंपत नाहीत, आणि ज्याला जुंपतात त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही. मग हे दोन शब्द एकत्र आले कसे? पाहुणा कधीतरी परत जातो, म्हणून. श्रम हवेत, पण श्रम करणारा माणूस दारात कायमचा नको, हा व्यवहार त्या एका शब्दात मावलेला आहे. ज्या व्यवस्थेने आमच्या बापजाद्यांकडून गावाची सगळी कामे करून घेतली आणि त्यांची घरे मात्र गावकुसाबाहेर ठेवली, त्या व्यवस्थेतून आलेल्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

पश्चिम जर्मनीने मजूरभरतीचा पहिला करार १९५५ मध्ये इटलीशी केला. १९६० मध्ये स्पेन व ग्रीस, ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तान, त्यानंतर मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया यांच्याशी करार झाले. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारे मजूर थांबले आणि दक्षिणेकडील मजुरांची गरज अधिकच वाढली. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख माणसे कामासाठी आली आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लाख परत गेली. म्हणजे जर्मन उद्योगांना तरुण हात मिळाले. त्या हातांचे बालपण आणि पुष्कळांचे म्हातारपण त्यांच्या मायदेशांनी पोसले.

इस्तंबूल येथील जर्मन भरती कार्यालयात इच्छुकांची वैद्यकीय तपासणी होई. पुरुषांना रांगेत उघडे उभे करून दात, छाती, लघवी तपासली जाई. बैलबाजारात दात पाहतात हे आपल्याला ठाऊक आहे. निवड झालेल्यांच्या खास गाड्या म्युनिकला अकरा नंबरच्या फलाटावर येत. फलाटाखालच्या युद्धकाळातील तळघरात त्यांची कारखान्यांनुसार वाटणी होई. तुर्की मजुरांसाठी प्रारंभी दोन वर्षांची मुदत होती. ती १९६४ मध्ये काढून टाकण्यात आली. यात दया नव्हती. दर दोन वर्षांनी नवा माणूस शिकवावा लागतो, हे कारखानदारांना परवडत नव्हते. त्याच वर्षी दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून कोलोन-डॉइट्झ स्थानकावर एका पोर्तुगीज सुताराला वाजतगाजत मोटारसायकल भेट देण्यात आली. ते छायाचित्र जर्मन पाठ्यपुस्तकांत छापले जाते. तो सुतार पुढे आजारी पडून मायदेशी परतला आणि १९७९ मध्ये वारला. जर्मन आजारविम्यावर आपला हक्क आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि साठवलेले पैसे औषधोपचारात संपले, असे त्याच्याविषयी नमूद आहे. सत्काराच्या वेळी फुले देणाऱ्यांनी हक्काची माहिती दिली नाही.

हे मजूर मुकाट्याने राबले, असे मात्र कोणी समजू नये. ऑगस्ट १९७३ मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुटीवरून उशिरा परतलेल्या सुमारे ३०० तुर्की कामगारांना काढून टाकण्यात आले, आणि हजारो तुर्की कामगारांनी काम बंद केले. कामगार संघटनेने पाठ फिरवली, बहुसंख्य जर्मन कामगार दूर राहिले आणि पोलिसांच्या मदतीने संप मोडण्यात आला. त्याच महिन्यात नॉइस येथील पीअरबुर्ग कारखान्यात परदेशी स्त्रियांनी संप केला. 'हलक्या कामाची वेतनश्रेणी' असे गोंडस नाव देऊन त्यांना सर्वांत कमी मजुरी दिली जात होती. तेथे जर्मन कुशल कामगारही त्यांच्या बाजूने उतरले आणि ती वेतनश्रेणी रद्द झाली. ह्या दोन संपांकडे चळवळीतील कार्यकर्त्यांनी एकत्र पाहिले पाहिजे. वर्ग एक असल्याने एकजूट आपोआप होत नाही. ती होते तेव्हा काय घडू शकते, हे नॉइसने दाखविले. होत नाही तेव्हा काय घडते, हे कोलोनने.

२३ नोव्हेंबर १९७३ रोजी भरती थांबली. आता एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून पुष्कळांनी बायकामुलांना बोलावून घेतले. मजुराचे कुटुंब झाले आणि खरा प्रश्न येथे सुरू झाला. मजूर वसाहतीत झोपतो, पण कुटुंबाला घर लागते, शाळा लागते, शेजार लागतो. १९८३ मध्ये सरकारने कायदा करून परत जाणाऱ्या बेकार परदेशी कामगाराला १०,५०० मार्क आणि दर मुलामागे १,५०० मार्क देऊ केले. पाहुण्याच्या हातात निरोपाचा नारळ ठेवावा, तसे.

मुले शाळेत गेली, आणि चौथी इयत्तेनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी करणाऱ्या जर्मन पद्धतीने त्यांतील फार मोठ्या संख्येला खालच्या पायरीच्या शाळेत ठेवले. विद्यापीठाकडे जाणारा रस्ता दुसऱ्या शाळेतून जात होता. हे आता तरी संपले आहे काय? २०१८ मध्ये मानहाइम विद्यापीठातील संशोधकांनी शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना एकच श्रुतलेखन तपासावयास दिले. काहींच्या प्रतीवर 'माक्स' हे नाव होते, काहींच्या प्रतीवर 'मूरात'. चुका दोघांच्याही सारख्याच मोजल्या गेल्या. श्रेणी मात्र मूरातला कमी मिळाली. मी शिक्षक आहे. हजेरीपटावरील आडनाव वाचताना शिक्षकाचा आवाज कसा बदलतो, हे घरात पहिल्यांदाच पदवी मिळविणाऱ्या माझ्यासारख्यांनी ऐकलेले आहे. म्हणून ह्या प्रयोगातील सर्वांत बोलकी गोष्ट मला ही वाटते, की चुका मोजताना कोणी लबाडी केली नाही. मोजणे प्रामाणिक होते, न्याय तेवढा नव्हता.

रोजचा वंशद्वेष असाच असतो. घर भाड्याने मागताना नाव ऐकून 'जागा गेली' असे उत्तर येते. जर्मनीतच जन्मलेल्या मुलीला 'पण तू मूळची कुठली?' असे विचारले जाते, आणि 'कोलोनची' ह्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. आपल्याकडे नाव सांगितल्यावर 'पूर्ण नाव?' असे विचारतात, त्याची ही सख्खी बहीण. सेम्रा एर्तान ह्या तुर्की वंशाच्या तरुण कवयित्रीने परकीयद्वेषाचा निषेध म्हणून मे १९८२ मध्ये हांबुर्गच्या रस्त्यावर स्वतःला जाळून घेतले. तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, ग्युंटर वालराफ ह्या जर्मन पत्रकाराचे तुर्की मजुराच्या वेषात राबून लिहिलेले पुस्तक निघाले आणि देशभर प्रचंड खपले. वालराफने मोलाचे काम केले, यात शंका नाही. परंतु जे तुर्की माणसे वीस वर्षे सांगत होती, ते जर्मन माणसाने सांगितल्यावरच खरे का ठरले? आपल्या वेदनेचा साक्षीदार प्रस्थापितांपैकीच असावा लागतो, हा अनुभव दलित साहित्याला नवा नाही.

ह्या सर्वांच्या मुळाशी १९१३ चा नागरिकत्वाचा कायदा होता. तो रक्तावर आधारलेला होता. रशियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, जर्मन न बोलणारा जर्मन वंशज आला की त्याला नागरिकत्व मिळे. जर्मनीत जन्मून जर्मनच बोलणारे तुर्की मजुराचे मूल मात्र परदेशी राही. १ जानेवारी २००० पासून तेथे जन्मलेल्या परदेशी कुटुंबातील मुलांना काही अटींवर जन्मतः नागरिकत्व मिळू लागले. जन्म कोणाच्या पोटी झाला यावर माणसाची जागा ठरविणे हा काय प्रकार असतो, ते आम्हांला वेगळे शिकावे लागत नाही.

पूर्व जर्मनीही निर्दोष नव्हती. व्हिएतनाम, मोझांबिक, अंगोला येथून आलेल्या कंत्राटी कामगारांना तिने बंधुत्वाच्या घोषणा देत वेगळ्या वसतिगृहांत ठेवले. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टोक-लिश्टनहागेन येथे व्हिएतनामी कामगार राहत असलेली इमारत पेटविण्यात आली, तेव्हा शेजारीपाजारी टाळ्या वाजवीत होते. त्याच नोव्हेंबरात म्योल्न येथे तिघींचा आगीत बळी गेला. यावर संसदेने काय केले? २६ मे १९९३ रोजी राज्यघटनेतील आश्रयाचा हक्क आकसून टाकला. तीन दिवसांनी झोलिंगनमध्ये गेन्च कुटुंबाचे घर जाळण्यात आले आणि पाच स्त्रिया व मुली मेल्या. सर्वांत धाकटी चार वर्षांची होती.

२००० ते २००७ या काळात एका नवनाझी टोळीने दहा माणसे मारली. आठ तुर्की मूळची, एक ग्रीक, एक जर्मन पोलीस स्त्री. पोलिसांनी तपासपथकाला 'बॉस्फोरस' हे नाव दिले आणि मारेकरी मृतांच्याच कुटुंबांत, त्यांच्या व्यवहारांत शोधले. २००६ मध्ये नऊ परदेशी वंशाची माणसे मेल्यावर कासेल व डोर्टमुंड येथे कुटुंबांनी मोर्चे काढले. 'दहावा बळी नको' ही त्यांची मागणी होती. खरे काय ते राज्याला नोव्हेंबर २०११ मध्ये, तेही टोळीतील दोघे मेल्यावर, कळले. मोर्चातील बायकांना ते पाच वर्षे आधी ठाऊक होते. त्यांची साक्ष पुरावा ठरली नाही, एवढेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जात म्हणजे वंश नव्हे. १९३६ मध्येच बाबासाहेबांनी जातीचा वांशिक सिद्धान्त खोडून काढला होता. परंतु २००१ मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत भारत सरकारने हाच मुद्दा पुढे करून जातीची चर्चाच नको म्हटले, तेव्हा शास्त्राचा उपयोग तोंड बंद करण्यासाठी झाला. उगम वेगळे असले तरी रीत सारखी असू शकते : हात घ्यावेत, माणूस बाहेर ठेवावा, आणि तो बोलला तर त्याच्यावरच संशय घ्यावा.

आता जर्मनीत आपलीही माणसे आहेत. २००० मध्ये भारतीय संगणकतज्ज्ञांना बोलावण्याचे ठरले, तेव्हा एका नेत्याच्या निवडणूक प्रचारात भारतीयांऐवजी जर्मन मुले हवीत, अशी यमकबद्ध घोषणा निघाली. ऑगस्ट २००७ मध्ये म्युगेलन गावी जमावाने आठ भारतीयांचा पाठलाग करून त्यांना मारहाण केली. हा अपमान आपल्या सवर्ण मध्यमवर्गाला झोंबला, ते योग्यच झाले. पण तोच वर्ग तेथील गणेशोत्सवात भेटलेल्या नव्या मराठी माणसाला आडनावावरून चाचपून पाहत असेल, तर त्याला वंशद्वेषाविरुद्ध बोलण्याचा अर्धाच अधिकार आहे.

जून २०२४ पासून जर्मनीत दुहेरी नागरिकत्व घेता येते, आणि पहिल्या पिढीच्या कामगारांना लेखी परीक्षेशिवाय, बोलण्यापुरत्या जर्मनवर नागरिक होता येते. तुर्कस्तानशी झालेल्या करारानंतर त्रेसष्ट वर्षांनी. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत मात्र 'परत पाठवा' ही भाषा उघड बोलणारा 'अल्टरनेटिव्ह फ्यूर डॉइचलँड' हा पक्ष २०.८ टक्के मते घेऊन दुसरा आला. कागदावर माणूस घरचा झाला आणि पाचातला एक मतदार त्याला पुन्हा पाहुणा ठरवू पाहतो. ज्यांची नातवंडे आता तेथे मते देतात, त्या घरांना ह्याचे उत्तर मतपेटीतून आणि रस्त्यावरून द्यावे लागेल. कासेलच्या बायकांनी ते एकदा दिले आहे. ह्या वेळी पाच वर्षे थांबायला लागू नये.